बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह

दहावीच्या मराठी माध्यमासाठी सोडवलेल्या उदाहरणांची ९६ पानी पुस्तिका लाटेकमध्ये (आज्ञा टाइप करून पानं मांडायची संगणकप्रणाली) जुळवायचं काम ४ ऑगस्टला हाती घेतलं आणि २६ सप्टेंबरला छपाईला दिलं. रोज दीड-दोन तास. यातला निम्मा वेळ एकाच गोष्टीत गेला: वर्गात फळ्यावर सर जे ओरडून सांगतात ते, म्हणजे बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांचा तरी तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

एक आधीच सांगतो. आज्ञांची नावं खाली देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आधी बॅकस्लॅश. चलही मी इथे क्ष, य असे लिहिले आहेत.

मूळ मजकूर वर्डमध्ये होता आणि सगळी जुळवणी स्पेसबारने केलेली होती. मजकुराचा टाइप अर्ध्या पॉइंटने लहान केला की बरोबरची चिन्हं जिन्यासारखी उतरायला लागत. शिवाय कारणांचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होता. तो रूपांतरकातून काढला, पण ‘ऱ्य’ आणि रफार असलेले शब्द हाताने तपासावे लागले. त्यात तीन संध्याकाळी गेल्या.

लाटेक ज्यात मिळतं त्या टेक लाइव्हचा पूर्ण संच घेतला. फुकट आहे, पण डिस्कवर सात-आठ जीबी जागा मोकळी ठेवा आणि उतरवायला दोन तास धरा. देवनागरीसाठी साधं पीडीएफ-लाटेक नको, झी-लाटेक किंवा लुआ-लाटेक घ्या. मी झी-लाटेक घेतलं, फाँट जोडायचं फाँटस्पेक पॅकेज (लाटेकला लावायचा जोडसंच) आणि आयआयटी मुंबईने मोफत दिलेला ‘शोभिका’ फाँट. फाँट जोडताना ‘स्क्रिप्ट = देवनागरी’ हा पर्याय द्यायला विसरू नका. तो नसला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडके दिसतात. फाँट खराब आहे असं समजून लोक दुसरा शोधत बसतात.

याहून फसवी अडचण गणिताच्या आत आहे. समीकरणात थेट ‘म्हणून’ किंवा ‘किंवा’ लिहिलं तर एरर येत नाही, शब्द नुसता गायब होतो. गणिताच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, आणि त्याची नोंद लॉग फाइलमध्ये (लाटेक दर वेळी लिहितं त्या नोंदवहीत) ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी पडते. कोणी लॉग वाचत नाही. उपाय दोन. समीकरणातला प्रत्येक मराठी शब्द ‘टेक्स्ट’ या आज्ञेच्या महिरपी कंसात घाला. आणि फाइलच्या सुरुवातीला ‘ट्रेसिंगलॉस्टचार्स’ हा जो चलांक आहे त्याची किंमत ३ करा. २०२१ पासूनच्या टेक लाइव्हमध्ये मग हरवलेलं अक्षर सरळ एरर म्हणून समोर येतं. मी हे केलं तेव्हा पहिल्या वीस पानांत अकरा ठिकाणी ‘किंवा’ नाहीसं झालेलं सापडलं.

‘टेक्स्ट’मध्ये शब्दाभोवतीची मोकळी जागाही कंसाच्या आतच द्यायची. गणितात स्पेसबारला किंमत नाही. बाहेर दिलेल्या दहा स्पेस लाटेक गिळून टाकतं, आणि ‘रेख’ हा शब्द पुढच्या अक्षरांना चिकटतो.

११ ऑगस्टला खरी जुळवणी सुरू झाली. हाताशी एक जुनी नमुना फाइल होती, तिच्यात सगळीकडे ‘ईक्यूएन-ॲरे’ वापरलेलं. लाटेकच्या मूळ संचातलं हे एन्व्हायर्नमेंट (आतला मजकूर ठराविक रीतीने मांडणारी चौकट) आजही चालतं, म्हणूनच ते धोक्याचं. ते तीन रकाने करतं: डावी बाजू, चिन्ह, उजवी बाजू. रकान्यांमध्ये तक्त्याची जागा सोडतं. त्यामुळे बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना १०-१० पॉइंटची फट पडते. तेच समीकरण एकटं, साध्या ‘इक्वेशन’मध्ये घातलं तर दहा पॉइंटच्या टायपात ही फट पावणेतीन पॉइंटच्या आसपास असते. एकाच पानावर दोन्ही आली की पान ढिलं दिसतं, पण कुठे ढिलं आहे ते पटकन सांगता येत नाही. लांब समीकरणावर क्रमांक चढून बसतो तो त्रास वेगळाच. मी चौदा पानं त्यात जुळवली आणि मग सगळी परत केली. तुम्ही नका करू. पहिल्या दिवसापासून अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं ‘एएमएसमॅथ’ पॅकेज आणि त्यातलं ‘अलाइन’ घ्या.

‘अलाइन’चा नियम एका ओळीत सांगता येतो. जिथे जुळवायचं तिथे & टाका आणि ओळ संपली की \\ टाका. पण हे & चिन्ह बरोबरच्या आधी हवं, नंतर नाही. ‘&=’ बरोबर, ‘=&’ चूक. दोन्ही कंपाइल होतात (म्हणजे फाइलपासून पान तयार होतं), म्हणून कारण कळलेलं बरं. & म्हणजे रकान्याची भिंत. टेक (लाटेकच्या खालची मूळ प्रणाली) बरोबरच्या दोन्ही बाजूंना जागा सोडतं ती शेजारी काय आहे ते बघून. ‘=&’ लिहिलं की चिन्ह आपल्या रकान्यातलं शेवटचं ठरतं, उजवीकडे शेजारी कोणी नाही, म्हणून उजवी जागा शून्य आणि पुढचा आकडा चिन्हाला चिकटतो. ‘&=’ लिहिलं की डावीकडे शेजारी नसतो, पण ‘अलाइन’ अशा रकान्याच्या सुरुवातीला स्वतःहून एक रिकामी {} जोडी ठेवतं, आणि डावी जागा मिळते.

दुसरी गोष्ट मला चार दिवसांनी समजली. एका ओळीत एकापेक्षा जास्त & आले तर सगळे सारखे नसतात. पहिला, तिसरा, पाचवा हे जुळवणीचे. दुसरा, चौथा हे दोन जोड्यांमधली नुसती भिंत. म्हणजे रकाने उजवीकडे टेकलेला, डावीकडे टेकलेला, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे जोडीजोडीने येतात. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं तक्ता आखण्याचं काम आहे. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या प्रकारच्या उदाहरणासाठी आधी कागदावर उभ्या रेघा मारून रकाने मोजले, मगच टाइप केलं.

मराठी माध्यमाच्या मांडणीला हे लागतंच. आपल्याकडे ओळीच्या सुरुवातीला ∴, मग समीकरण, आणि उजवीकडे कंसात कारण: (पक्ष), (व्युत्क्रम कोन), (समीकरण १ वरून). ∴ सगळे एका रेषेत, बरोबरची चिन्हं दुसऱ्या रेषेत, कारणं तिसऱ्या. नुसत्या ‘अलाइन’ने हे केलं तर ते जोड्यांमध्ये पानाची रुंदी वाटून टाकतं आणि ∴ समीकरणापासून हातभर लांब जाऊन बसतो. इथे ‘अलाइन-ॲट’ हवं. ते जोड्यांमध्ये काहीच जागा सोडत नाही, किती सोडायची ते तुम्ही सांगायचं. सुरू करताना जोड्यांची संख्या द्यावी लागते. तीन जोड्या असतील तर ओळीत जास्तीत जास्त पाच & चालतात (दुप्पट वजा एक). माझ्या ओळी अशा होत्या:

&& क्ष² − ७क्ष + १२ &= ० && \\
∴ && (क्ष − ३)(क्ष − ४) &= ० && (अवयव पाडून) \\
∴ && क्ष − ३ &= ० किंवा क्ष − ४ = ० && (गुणाकार शून्य)

पहिल्या ओळीत ∴ नाही, तरी पुढचे && ठेवलेच पाहिजेत, नाहीतर समीकरण ∴ च्या रकान्यात शिरतं. ∴ नंतर एक ‘क्वाड’ (टायपाच्या आकाराएवढी जागा) आणि कारणाच्या आधी एक ‘क्यूक्वाड’ (तिच्या दुप्पट) मी && मधल्या रिकाम्या रकान्यात दिली, ती एकेकाच ओळीत दिली तरी पुरते कारण रकान्याची रुंदी सर्वात रुंद ओळीवरून ठरते. तिसऱ्या ओळीत बरोबरची दोन चिन्हं आहेत. जुळवायचं पहिलं, दुसरं मोकळं सोडायचं. अशा ओळीत दुसऱ्यालाही & लावायचा मोह होतो, आणि मग ओळीत सहा & होऊन जादा & चा एरर येतो.

कारण लांब असलं तर ‘टेक्स्ट’ ते मोडून दुसऱ्या ओळीत नेत नाही, थेट पानाबाहेर जातं. त्यासाठी ‘पारबॉक्स’, रुंदी ४.५ सेंमी, आणि पर्याय म्हणून ‘टी’ द्या. ‘टी’ नसला तर दोन ओळींचं कारण समीकरणाच्या मध्यावर लटकतं.

पाठ्यपुस्तकासारखं ‘उकल’खाली डावीकडून सुरू करायचं असेल तर डॉक्युमेंट क्लासला ‘एफएलईक्यूएन’ हा पर्याय द्या, समास ‘मॅथइंडेंट’ने ठरतो. मी ८ मिमी ठेवला. हा पर्याय पहिल्याच दिवशी ठरवा. मी ३० ऑगस्टला ठरवला, आणि मधोमध मांडून बेतलेल्या बारा-पंधरा ओळी पुन्हा मोडाव्या लागल्या.

त्या महिनाभरात सतत भेटलेले एरर सांगून टाकतो. ‘पॅराग्राफ एंडेड’ असं काही आलं तर अलाइनच्या आत रिकामी ओळ सुटली आहे. डोळ्याला बरं वाटतं म्हणून आपण ती सोडतो, टेक तिला परिच्छेद समजतं. हवी असेल तर त्या ओळीत नुसतं % टाका. ‘मिसप्लेस्ड अलाइनमेंट टॅब’ आला तर & एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर पडला आहे, किंवा मजकुरात ‘आणि’ऐवजी कोणी & लिहिलं आहे. शेवटच्या ओळीनंतर \\ राहिलं तर एररच नाही, पण खाली एक रिकामी ओळ येते आणि तिला क्रमांकही मिळतो. कोऱ्या जागेशेजारी (७) असा एकटा आकडा दिसला की समजा. आणि \\ ला चिकटून चौकटी कंस आला तर टेक त्याला अंतर समजून ‘मिसिंग नंबर’ म्हणतं. कंसाआधी {} ठेवा.

सर्वात जास्त वेळ एकसामयिक समीकरणांनी खाल्ला. तिथे बरोबरच्या चिन्हाबरोबर प्रत्येक पद, प्रत्येक चिन्ह उभ्या रेषेत हवं:

१२क्ष + ५य = ४९
३क्ष − ५य = −१९

बेरीज केली की १५क्ष = ३०. इथपर्यंत अलाइन-ॲट पुरतं, पदामागून पद & टाकत जायचं. फक्त रकान्यात एकटं पडलेलं + किंवा = दोन्ही बाजूंनी {}+{} असं लिहायचं, नाहीतर वर सांगितलेला शेजाऱ्याचा घोळ दोन्हीकडून होतो. पण वजाबाकीत आपण दुसऱ्या समीकरणाखाली बदललेली चिन्हं लिहितो, मग रेघ मारतो. त्या चिन्हांना स्वतःची जागा लागते. म्हणून ‘ॲरे’ (गणितातला तक्ता) घेतलं आणि सात रकाने केले: चिन्ह, पद, चिन्ह, पद, बरोबर, चिन्ह, संख्या. पदं आणि संख्या उजवीकडे टेकलेल्या, बाकी चार मध्यावर. रकान्यांमधली आपोआप येणारी जागा @{} देऊन काढून टाकली. आता चौथी ओळ म्हणजे नुसती बदललेली चिन्हं: पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या रकान्यात एकेक, लहान टायपात, कंसात. तिच्याखाली ‘एचलाइन’, म्हणजे आडवी रेघ. ओळ फार खाली जाते, म्हणून आधीच्या ओळीच्या शेवटी \\ ला −४ पॉइंट दिले. चौथी म्हणालो खरं, पण मोजताना वरची ‘उदा.’ची ओळही धरली आहे. समीकरणांपासून मोजाल तर तिसरी.

‘ॲरे’चा एक दोष लक्षात ठेवा. त्यातले अपूर्णांक आकसतात, कारण आत मजकुराचा आकार लागू होतो, पूर्ण मांडणीचा नाही. ‘फ्रॅक’ऐवजी ‘डीफ्रॅक’ लिहा आणि ओळींत थोडी जागा वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा छेद खालच्या ओळीच्या अंशाला टेकतो.

सप्टेंबरचा पहिला आठवडा लांब समीकरणांचा. डाव्या-उजव्या कंसांसाठी ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ वापरले असतील आणि मध्ये & किंवा \\ आलं तर कंपाइल होत नाही. भिंत ओलांडून कंस मिटत नाही. एका ओळीत अदृश्य कंस (‘राइट’ आणि टिंब) देऊन तो मिटवायचा आणि पुढच्या ओळीत ‘लेफ्ट’ आणि टिंब देऊन उघडायचा, हा एक मार्ग. पण दोन ओळींतली उंची वेगळी असली की कंसही लहानमोठे होतात. मी सरळ ‘बिगएल’ आणि ‘बिगआर’ वापरले, आकार हाताने ठरतो, भानगड नाही. मोडलेली ओळ पुढे + ने सुरू करताना ‘&’ नंतर एक ‘क्वाड’ द्या, म्हणजे अधिक चिन्ह बरोबरच्या उजवीकडे पडतं आणि नवी पायरी सुरू झाली असं वाटत नाही.

मध्येच ‘ही किंमत समीकरण (१) मध्ये ठेवून’ असं वाक्य हवं असलं तर अलाइन बंद करून नवं उघडू नका, वरखालची जुळवणी तुटते. ‘इंटरटेक्स्ट’ वापरा. त्याच्या वरखाली जागा जरा जास्तच सुटते. ‘मॅथटूल्स’ पॅकेजमधलं ‘शॉर्टइंटरटेक्स्ट’ छोट्या वाक्यांना जास्त शोभतं.

क्रमांक हाताने टाइप करू नका, एवढंच त्याबद्दल. ‘लेबल’ ओळीच्या \\ च्या आधी द्या, उल्लेख ‘ईक्यूरेफ’ने करा, क्रमांक नको त्या ओळीला ‘नोटॅग’. दोनदा कंपाइल केल्याशिवाय उल्लेखाच्या जागी दिसणारं ?? जात नाही.

पानं पाडताना कळलं की अलाइन पानाच्या तळाशी आपणहून तुटत नाही. अकरा पायऱ्यांची सिद्धता पुढच्या पानावर उडी मारते आणि मागे अर्धं पान कोरं. फाइलच्या सुरुवातीला ‘अलाउडिस्प्लेब्रेक्स’ दिलं की तुटायला परवानगी मिळते. जिथे तुटायला नको (मुख्यतः शेवटच्या दोन ओळींत) तिथे \\ ऐवजी \\* लिहा. एका समीकरणाच्या आत वापरायच्या ‘स्प्लिट’ आणि ‘अलाइन्ड’ यांना मात्र ही परवानगी लागू पडत नाही, ते अखंड ठोकळे आहेत. ९६ पानं म्हणजे बरोबर सहा फर्मे (छपाईचे सोळा पानी गट), ९७वं पान झालं की खर्च वाढतो. माझी फाइल १०३ पानांवर गेली होती, या एका आज्ञेने ९७ वर आली. उरलेलं एक पान कारणांचे शब्द छाटून वाचवलं.

१५ सप्टेंबरला पहिलं प्रूफ काढलं, दोन रुपये पानाने १९२ रुपये. पडद्यावर जुळवणी तपासता येत नाही, हे पैसे वाचवू नका. पारदर्शक पट्टी बरोबरच्या चिन्हांवर उभी ठेवून एकेक पान सरकवत गेलो. लॉगमधले ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ही (ओळ समासाबाहेर गेल्याचे इशारे) पाहिले: १ पॉइंट म्हणजे साधारण ०.३५ मिमी, तेव्हा दोन पॉइंटपर्यंतचे सोडून दिले, त्यावरचे दुरुस्त केले. २२ तारखेला दुसरं प्रूफ, आणखी १९२ रुपये. त्यात पट्टीने सापडलेल्या चुका सात, सातही एकाच जातीच्या: ∴ नसलेल्या ओळीत सुरुवातीचे && टाकायचे राहिले होते.

छापून आल्यावर पान ६१ वर आठवी सापडली.